एकम्, द्वे, त्रीणि

जगनमोहन राजवाड्यात तुम्ही शिरता ते चित्रं बघायला. म्हैसूरला आलेला मराठी माणूस इथे एका चित्रापुढे हमखास थबकतो: हातात दिवा, ज्योतीआड धरलेला तळवा, बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड आणि त्या उजेडात न्हालेली एक तरुणी. पुष्कळांना ते रविवर्म्याचं वाटतं. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, आणि चित्रातली मुलगी ही त्यांची लेक. डोळे भरून बघून घ्या आणि मग पाठ फिरवा. तुम्हाला ज्या सालात जायचं आहे, त्या सालात हे चित्र अजून रंगवलेलंच नाही.

साल 1934. वाडा तोच, 1861 साली बांधलेला. जुना लाकडी राजवाडा 1897 साली जळाला, तेव्हा नवा उभा राहीपर्यंत राजघराणं इथेच राहत होतं. आता सगळा थाट नव्या राजवाड्याकडे गेला आहे आणि या वाड्याचा एक भाग महाराजांनी वर्षभरापूर्वी एका शिक्षकाला दिला आहे. तुम्ही त्या बाजूला वळता आणि चित्रशाळेची शांतता मागे पडते. आधी ऐकू येतात पावलं. वीस-पंचवीस अनवाणी पावलं एकाच क्षणी जमिनीवर टेकल्याचा आवाज. मग एक चढा, कोरडा, घाई नसलेला स्वर: एकम्. सगळ्यांचा श्वास आत. द्वे. सगळ्यांचा श्वास बाहेर. त्रीणि.

दारापाशीच उभे राहा, आत जाऊ नका. इथे कुणी मध्ये शिरलेलं चालत नाही.

समोर मुलांच्या रांगा आहेत. बरीचशी अरसू घराण्यांतली, म्हणजे राजाच्या नात्यागोत्यातली. काही संस्कृत पाठशाळेतली. अंगावर फक्त लंगोट. धाकटी पुढे, मोठी मागे. अंकांची साखळी चालू राहते: चत्वारि, पञ्च, षट्. उभी मुलं वाकतात, तळवे टेकवतात, एका उडीत पाय मागे टाकतात, छाती जमिनीलगत नेऊन वर उचलतात आणि पुन्हा उडीत पुढे येतात. नवव्या अंकाला सूर्यनमस्कार पुरा होतो. त्याचा दुसरा, लांबचा प्रकार सतरा अंकांचा. एखादा पोरगा अर्ध्या अंकाने मागे राहिला की ते तुमच्याही लक्षात येतं, मग त्या चढ्या स्वराच्या माणसाच्या लक्षात येणार नाही असं कसं होईल?

तिरुमलै कृष्णमाचार्य पंचेचाळिशीत आहेत. बुटके, भरीव छातीचे, कपाळावर वैष्णवांचं नाम. चित्रदुर्ग भागातले, न्याय, वेदान्त, मीमांसा कोळून प्यायलेले. महाराज कृष्णराज वाडियार चौथे यांनी त्यांना आधी पाठशाळेत बोलावलं आणि 1933 साली ही योगशाळा काढून दिली. म्हैसुरात त्यांचा दरारा असा, की ते येताना दिसले तर लोक रस्त्याची बाजू बदलतात. याच वर्षी त्यांचं ‘योग मकरंद’ हे कन्नड पुस्तक राजाश्रयाने निघत आहे. त्यात प्रत्येक आसन टप्प्याटप्प्याने मोजून सांगितलं आहे: कितव्या अंकाला श्वास घ्यायचा, कितव्याला आसनात पोचायचं, कितव्याला त्यातून सुटायचं. आसन एकट्याने करताना अशी मोजणी नसली तरी अडत नाही. वीस जणांनी एकत्र करायचं असलं, की तिच्यावाचून चालत नाही. वर्गात एरवी प्रत्येकाला त्याच्या अंगमानाप्रमाणे वेगळं शिकवतात. पाहुणे आले, प्रयोग लावला, की अंकांवर रांग उभी राहते. या मुलांची शाळा आहे तसाच त्यांचा एक चमूही आहे, आणि मला सांगायची आहे ती गोष्ट त्या चमूची.

हे सगळं कुठून आलं, याचा वाद विद्वान अजून घालतात. उत्तराचा काही भाग तुमच्या आसपासच आहे. राजवाड्याच्या ग्रंथालयात ‘श्रीतत्त्वनिधी’ नावाचं हस्तलिखित आहे. मुम्मडी, म्हणजे तिसऱ्या, कृष्णराज वाडियारांच्या काळातल्या या ग्रंथात 122 आसनांची रंगीत चित्रं आहेत आणि त्यातली काही तर दोराला लटकून करायची आहेत. तुमच्या मराठी डोळ्यांना मल्लखांब आठवावा अशी. त्याच परंपरेत 1896 सालचं ‘व्यायामदीपिके’ हे कन्नड पुस्तक येतं: जोर, बैठका, मल्लखांब, कसरती. वाड्याच्याच आवारात बंगळूरचे व्यायामगुरू के. व्ही. अय्यर यांच्या पद्धतीचे शरीरसौष्ठवाचे आणि सूर्यनमस्काराचे वर्ग चालतात. त्या सूर्यनमस्काराचं पुनरुज्जीवन केलं ते औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, स्वतः रोज घालून आणि संस्थानातल्या शाळाशाळांतून मुलांना घालायला लावून. शिवाय डेन्मार्कच्या नील्स बुख यांची लयीतली कवायत वायएमसीएमार्फत हिंदुस्थानभर पोचलेली आहे. कृष्णमाचार्यांनी यातलं किती घेतलं आणि किती गुरुमुखातून आणलं, यावर जाडजूड पुस्तकं झाली. मला त्या वादात उसनवारीचा आरोप कधीच महत्त्वाचा वाटला नाही. घेतलं असेल तर चांगल्या ठिकाणांहून घेतलं, आणि ते मुलांच्या अंगात उतरवताना त्याला श्वास जोडला. बुखच्या कवायतीत श्वासाची ही शिस्त नव्हती.

आता जरा लोणावळ्याला चला. कृष्णमाचार्यही याच वर्षी तिकडे जात आहेत.

लोणावळ्यात 1924 पासून कैवल्यधाम उभं आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, नौली आणि उड्डियान करणाऱ्यांच्या पोटातला दाब मोजतात, क्ष-किरणांची चित्रं काढतात, ‘योगमीमांसा’ नावाचं त्रैमासिक चालवतात. त्यांची दुसरी ओळख त्या मानाने कमी लोकांना आहे. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांची घडण झाली, आणि माणिकरावांनी सामुदायिक कवायतीला देशी हुकूम दिले. तोच धागा धरून कुवलयानंदांनी पुढे ‘यौगिक संघ व्यायाम’ रचला: शेकडो मुलांनी मैदानात हुकमावर करायची आसनं. म्हैसूर आणि लोणावळा इथे एकाच वेळी एकच प्रश्न सोडवला जात होता. योग गुहेतून मैदानात आणायचा तर पुष्कळांनी तो एकत्र कसा करायचा? लोणावळ्याचं उत्तर मोजमापाचं आणि शाळाखात्याला पटेल असं होतं. म्हैसूरचं उत्तर बघणाऱ्याचा श्वास रोखायला लावणारं होतं.

महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णमाचार्य कैवल्यधाम बघायला निघतात, आणि या प्रवासामुळेच चमूत एक मुलगा येतो. वाटेत बंगळूरला ते आपल्या पंधरा वर्षांच्या मेहुण्याला सांगतात: मी परत येईपर्यंत म्हैसूरला जाऊन बहिणीच्या सोबतीला राहा. मुलगा बेल्लूरचा. जन्मला तो 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत. मग हिवताप, विषमज्वर, क्षय. हातपाय काड्या, डोकं जड, छाती आत गेलेली. त्याला चमूत घ्यावं असं तुम्ही तरी म्हणाल का? कृष्णमाचार्यही म्हणत नाहीत. कित्येक महिने तो घरची कामं करतो आणि बागेला पाणी घालतो. मग गुरूंचा लाडका शिष्य एके दिवशी घर सोडून निघून जातो. मोठा प्रयोग तोंडावर आलेला. जागा भरायला दुसरं कुणी नाही, म्हणून या मेहुण्याला उभं करतात. थोड्या दिवसांत त्याच्या अंगाला अवघड आसनं लावून दिली जातात. त्याचं नाव बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार.

आता तुम्ही पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसा. म्हैसूरला वायएमसीएच्या जागतिक परिषदेसाठी देशोदेशीचे लोक येणार असतात, दरबारी पाहुणे तर नेहमीचेच, आणि त्या सगळ्यांपुढे योगशाळेचा प्रयोग हा महाराजांच्या अभिमानाचा विषय. पडद्यामागे मुलं उभी आहेत. त्यांना माहीत आहे की गुरुजी ऐनवेळी कुठल्याही आसनाचं नाव घेतील आणि ते केलंच पाहिजे. ‘येत नाही’ हा शब्द इथे चालत नाही. पुढे कृष्णमाचार्य बोलतात, मागे रांग हलते. एखादा मुलगा कपोतासनात कमरेतून मागे वळून कमान होतो आणि गुरुजी बोलताबोलताच त्याच्यावर चढून उभे राहतात; तसं छायाचित्रही आहे. टाळ्या पडतात. टाळी वाजवताना त्या पोराच्या बरगड्यांकडे एकदा नजर टाका.

अशाच एका प्रसंगाची हकिकत अय्यंगार उतारवयात सांगत असत. गुरुजींनी त्यांना हनुमानासन करायला सांगितलं: एक पाय सरळ पुढे, दुसरा सरळ मागे, आणि तसंच जमिनीवर बसायचं. पोरानं ते कधी केलेलं नव्हतं. सुटकेसाठी तो म्हणाला, चड्डी फार घट्ट आहे. त्या काळच्या या चड्ड्या खरंच अशा शिवत, की कडेतून बोट जाऊ नये. गुरुजींनी कात्री मागवली, दोन्ही बाजूंनी शिवण कापायला लावली आणि म्हणाले, कर. मुलानं केलं. मांडीमागचे स्नायू फाटले आणि त्यानंतर बराच काळ त्याला धड चालता येत नव्हतं.

ही हकिकत लोक हसत सांगतात. मला ती हसण्यासारखी वाटत नाही. ज्या शिस्तीनं वीस मुलं एका अंकावर हलत होती, त्याच शिस्तीनं हे घडवलं. दोन्ही वेगळी काढता येत नाहीत. पुढे अय्यंगारांनी पाट, दोर, खुर्च्या, लोड वापरून ज्याला त्याला त्याच्या कुवतीचं आसन देण्याची जी पद्धत बसवली, तिच्या मुळाशी या फाटलेल्या स्नायूचं दुखणं आहे, असं माझं ठाम मत आहे.

1936. चमू दौऱ्यावर निघतो आणि तुम्ही त्यांच्याबरोबर. चित्रदुर्ग, हरिहर, मग मुंबई इलाख्यात शिरून हुबळी, धारवाड, बेळगाव. महाराजांचा हेतू सरळ आहे: योगाचा प्रसार. कॉलेजात, सभागृहात, गावच्या मान्यवरांपुढे प्रयोग लावायचे. मोठी मुलं कठीण आसनं दाखवतात, कृष्णमाचार्य व्याख्यान देतात, नाडी मंद करून डॉक्टरांना बुचकळ्यात टाकतात. धारवाडला एक अनपेक्षित गोष्ट होते. प्रयोग बघितलेल्या काही स्त्रिया म्हणतात, आम्हालाही शिकायचं आहे. थोराड मुलांनी त्यांना शिकवणं त्या काळाला रुचण्यासारखं नाही. म्हणून सगळ्यांत लहान दिसणाऱ्या, सतरा वर्षांच्या अय्यंगारांना पुढे करतात. त्यांचा आयुष्यातला पहिला वर्ग बायकांचा होता आणि तो धारवाडला भरला, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लिहिली जाते.

मग बेळगाव. खुर्च्यांच्या पुढच्या रांगेत सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले बसले आहेत. तुम्हीही त्यांच्या बाजूला बसा, कारण हा माणूस बघतो ते वेगळ्या डोळ्यांनी. बाकीच्यांना कमानी आणि गाठी दिसतात. त्यांना दिसतात सांधे, स्नायू, श्वासाची भरती-ओहोटी. प्रयोग संपतो, चमू म्हैसूरला परततो, साहेबांच्या डोक्यातून मात्र तो जात नाही. निवृत्त होऊन ते पुण्याला येतात आणि डेक्कन जिमखान्याला सुचवतात: म्हैसूरहून एक योगशिक्षक बोलवा. जिमखाना सहा महिन्यांसाठी तयार होतो. जायचं कुणी? थोडंफार इंग्रजी येणारा मुलगा तो एकच.

याच 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करत होता. प्रात्यक्षिक दाखवणारे चमू हा त्या दशकाचा ध्यासच होता, आणि परक्या सत्तेखाली वाढणाऱ्या पोरांना आपलं शरीर जगापुढे ताठ मानेनं उभं करता येतं हे दाखवण्याची निकड त्यामागे होती. ही निकड समजून घेतल्याशिवाय कृष्णमाचार्यांच्या कठोरपणाचा हिशेब मांडू नये.

1937. पुण्याच्या स्टेशनावर उतरणारा अठरा वर्षांचा मुलगा आता रांगेत नाही. मराठी येत नाही. शिष्य त्याच्याहून थोरले, धट्टेकट्टे, शिकलेले. शेंडीवाल्या, हडकुळ्या शिक्षकाला बघून हसणारे. पुढे गोखले बोलत आणि अय्यंगार आसनं करत, अशी जोडव्याख्यानं पुण्यात झाली. शरीर मला माहीत आहे, ते मी समजावतो, तू करून दाखव, असा त्यांचा करार होता. सहा महिन्यांचं बोलावणं पुढे आयुष्यभर टिकलं. 1966 साली ‘लाइट ऑन योगा’ आलं, 1975 साली शिवाजीनगरला संस्था उभी राहिली, आणि 20 ऑगस्ट 2014 ला अय्यंगार गेले ते पुण्यातच.

म्हैसूरच्या शाळेचं आयुष्य त्या मानानं थोडं ठरलं. महाराज 1940 साली वारले. स्वातंत्र्यानंतर संस्थान गेलं, पैसा आटला आणि 1950 मध्ये योगशाळा बंद झाली. कृष्णमाचार्य मद्रासला गेले आणि शंभरी गाठून 1989 साली निवर्तले. त्यांचे शिष्य पट्टाभि जोइस मात्र म्हैसुरात राहिले. हासनला वयाच्या बाराव्या वर्षी गुरूंचा प्रयोग बघून वेडावलेला हा मुलगा संस्कृत महाविद्यालयात शिकवत राहिला, लक्ष्मीपुरमच्या घरी वर्ग घेत राहिला, आणि अंकांची ती साखळी त्याने तुटू दिली नाही. आज म्हैसूरच्या गोकुळम भागात जगभरची माणसं पहाटे उठून एकम्, द्वे, त्रीणि ऐकायला येतात.

प्रयोगातून स्पर्धा कशी घडते ते बघायला क्षणभर फार लांब, अमेरिकेत मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावी उतरा. 1956. बर्फाच्या हॉकीच्या सामन्यात मध्यंतर झालं आहे आणि डॉ. रिचर्ड पोर्टर यांनी जमवलेल्या मुली स्केट घालून रांगेने बर्फावर येतात. नाव हॉकेट्स. त्यांचंही काम आधी मन रमवण्याचंच. वीस वर्षांत त्यातून अमेरिका-कॅनडाच्या संघांच्या स्पर्धा सुरू झाल्या. 2000 साली मिनियापोलिसला या समूह स्केटिंगची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि स्वीडनचा ‘टीम सरप्राइज’ संघ जिंकला. सोळा जणी एकमेकींचे खांदे धरून वेगानं वळतात, एकीचा तोल गेला तर शेजारणीही कोसळू शकतात. म्हैसूरच्या मुलांनी एकमेकांचे हात धरलेले नव्हते. त्यांना बांधणारा फक्त आवाज होता. पण मध्यंतरातल्या करमणुकीपासून स्पर्धेपर्यंतचा जो रस्ता त्या मुलींनी चार दशकांत कापला, तोच योगासनांना कापायला कितीतरी अधिक वेळ लागला.

तो रस्ता संपतो आपल्या काळात. 21 जून 2017 ला म्हैसूरच्या रेसकोर्सवर 55 हजारांहून अधिक लोक एकत्र आसनं करतात आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदला जातो. डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकार योगासनांना स्पर्धात्मक खेळाची मान्यता देतं. 2022 च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत योगासन आणि मल्लखांब शेजारीशेजारी दाखल होतात आणि महाराष्ट्राची मुलं त्यात चमकतात. तुम्ही प्रेक्षकांत बसा. समूह गटातला संघ चटईवर येतो, चमकदार पोशाख, ध्वनिवर्धकावर संगीत. पाचही शरीरं एका ठेक्यावर वळतात, वृश्चिकासनात एकाच क्षणी पाय डोक्याला लागतात. पंच एकसारखेपणाला गुण देतात. आता अंक मोठ्यानं म्हणणारं कुणी नाही. मोजणी मुलांच्या मनात चालते.

मला हा खेळ आवडतो. योगाची स्पर्धा कशी होईल, असं म्हणणाऱ्यांची तळमळ मी समजू शकतो, पण 1930 च्या दशकातला म्हैसूरचा चमू गुण नसलेली स्पर्धाच लढत होता, आणि हरण्याची शिक्षा तिथे जास्त कडक होती. आज संघाबरोबर फिजिओ असतो, वयोगट असतात, नियमपुस्तक असतं. तरी मुलांच्या मांड्या आणि कंबरा त्याच आहेत. ज्या प्रशिक्षकाला ऐनवेळी नवं आसन घुसवावंसं वाटेल, त्याने त्या कात्रीची आठवण ठेवावी.

आणि एक विनंती. त्या चमूतून दोन-तीन नावं जगभर गेली, बाकीची मुलं छायाचित्रांत नुसती उभी आहेत. कुणी पुढे कारकून झालं असेल, कुणी शिक्षक. त्यांचे प्रयोग बघितलेले लोक बेळगाव, धारवाड, हुबळीच्या मराठी घरांतही होते. तुमच्या आजोबांच्या वह्यांत, जुन्या पेटीतल्या छापील कार्यक्रमपत्रिकेत, शाळेच्या किंवा तालमीच्या इतिवृत्तात म्हैसूरच्या मुलांचा उल्लेख सापडला, तर तो कागद रद्दीत घालू नका. त्याचा फोटो काढा, त्यावरची नावं आणि तारीख नीट उतरवून घ्या आणि जवळच्या ग्रंथालयात किंवा इतिहास संशोधन मंडळात नेऊन द्या.